नाव काय लावायचं?

"काकू, वर नाव काय टाकू?"

फ्लेक्सच्या दुकानातल्या पोरानं तिसऱ्यांदा विचारलं आणि मी तिसऱ्यांदा हातातल्या पिशवीतली मेथी खालीवर करत उभी राहिले. चांगली वीसेक मिनिटं झाली होती. माझ्यामागं एक गृहस्थ दशक्रियेचा फोटो घेऊन थांबले होते, त्यांच्या मागं वाढदिवसवाले दोन तरुण. प्रत्येकाला आपल्या माणसाचं नाव काय ते पक्कं माहीत होतं. मलाच तेवढं स्वतःचं माहीत नव्हतं.

"उद्या सांगते," म्हणाले आणि घरी आले. मेथी निवडताना मन काही ठिकाणावर नव्हतं. देठं भाजीत आणि पानं सुपात असा कारभार झाला.

त्याचं असं झालं. मी गाणी लिहिते. कवयित्री वगैरे म्हणवून घ्यायची माझी हिंमत नाही. हौसेनं लिहिते आणि चालीवर बसवते. डोहाळेजेवणाला, बारशाला, मंगळागौरीला, आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाला लागेल तसं. कणीक मळताना चाल सुचते, हात धुवून शब्द टिपेपर्यंत निम्मे उडून जातात. उरतात त्यांचं गाणं होतं. किराणा हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांपासून सुरुवात झाली. तिथं एका बाजूला 'तूरडाळ दोन किलो' आणि दुसऱ्या बाजूला पाळणा! आता अशा सात वह्या झाल्या आहेत. छापून काही आलेलं नाही, आणि त्याची खंतही नव्हती.

खंत वाटली ती तीन वर्षांपूर्वी. १९९३ साली माझ्या धाकट्या नणंदेच्या डोहाळेजेवणाला मी एक गाणं केलं होतं. सोपी चाल आणि बायकांनी मागून म्हणायला सोपी ओळ. बायकांना आवडलं, त्यांनी उतरवून घेतलं. परतूरहून ते मंठ्याला गेलं, सेलूला गेलं. लेकी सासरी जाताना जशी लोणच्याची बरणी नेतात तसं कुणी कुणी घेऊन गेलं. मला त्याचा आनंदच होता. पण त्या वर्षी एका मोठ्या गावी भजनाच्या स्पर्धेला आम्ही सगळ्याजणी गेलो होतो. तिथं दुसऱ्या एका मंडळानं माझं तेच गाणं म्हटलं. मधलं कडवंसुद्धा जसंच्या तसं. मी आनंदानं शेजारणीचा दंड दाबला. आणि सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, "हे एक पारंपरिक गीत होतं. जुन्या आजीबाईंच्या तोंडून आलेलं."

मी तेव्हा साठीच्याही अलीकडं होते हो!

कार्यक्रमानंतर धीर करून मी संयोजकांपाशी गेले. म्हटलं, ते गाणं माझं आहे. त्यांनी माझ्याकडं जरा दयेनंच पाहिलं. म्हणाले, "असेल हो ताई. पण गाण्यात तुमचं नाव आहे का कुठं?"

परतीच्या गाडीत सगळ्याजणी भेळ खात होत्या, मी खिडकीतून बाहेर बघत होते. उलट उत्तर काय द्यायचं? नाव खरंच नव्हतं. तीस वर्षांत कधी घालावंसंच वाटलं नव्हतं. गंमत म्हणजे आपल्याकडं हे घालायची किती जुनी वहिवाट! अभंगाच्या शेवटी नाव येतंच. आम्ही मंडळात रोज म्हणतो. तुकोबांचं, नामदेवांचं, एकनाथांनी तर आपल्या नावाला गुरूंचंही नाव जोडलं. आणि जनाबाई! जनाबाई माझ्या माहेरची, गंगाखेडची. दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणारी बाई, पण 'नामयाची दासी' अशी सही गाण्यात सोडून गेली. म्हणून सातशे वर्षांनी तिचं गाणं तिचं राहिलं. त्याच वेळी दुसऱ्या कितीजणींनी जात्यावर गायलं असेल, त्यांना आपण 'पारंपरिक' म्हणतो.

घरी आल्यावर वकील भाचीला फोन लावला. तिनं सांगितलं ते इतरजणींनाही उपयोगी पडेल म्हणून देते. आपल्या देशात १९५७चा कॉपीराइट कायदा आहे. गाणं लिहून झालं की त्यावरचा हक्क लिहिणारीचा. नोंदणी केली तर पुरावा म्हणून बरी, पण ती सक्तीची नाही. हा हक्क लिहिणारीच्या हयातीत आणि तिच्यामागं साठ वर्षं राहतो. टोपणनावानं छापलं आणि खरी व्यक्ती कोण हे कधीच उघड केलं नाही, तर मात्र छापल्यापासून साठ वर्षं. "तेव्हा मावशी, टोपणनाव घ्यायचं तर घे, पण ते तुझंच आहे हे कुठंतरी लेखी राहू दे. वहीवर तारखा घाल." माझ्या वह्यांवर तारखा होत्या, पण त्या दुधाच्या.

तर ठरलं, की यापुढं गाण्याला नाव लावायचं. त्यात परवाच्या नवरात्रात आमच्याकडं देवीच्या मांडवात एक संध्याकाळ माझ्याच गाण्यांची ठेवायची असं मंडळानं ठरवलं. त्याचा तो फ्लेक्स. म्हणजे नाव पाहिजे आणि तेही चार दिवसांत.

आमच्या घरात सल्ला देणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. हे म्हणाले, "त्यात काय एवढं? सौ. सुनीता, पुढं माझं नाव, मग आडनाव, मु. पो. परतूर." रेशनकार्डावरचंच सगळं त्यांनी सांगितलं. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, "आई, आजकाल एका शब्दाचं नाव चालतं. लक्षात राहतं." भजनी मंडळातल्या एकजणीनं 'दुधनासुता' सुचवलं, दुसरीनं 'परतूरकोकिळा'. माझा आवाज ऐकलेल्या कुणीही ते दुसरं सुचवू नये. 'दुधनासुता'वर मात्र मी दोन दिवस लोभावले होते. मग एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं, तर हे आतल्या खोलीतून म्हणाले, "कुणाला दूध नासलं म्हणतेस?" झालं. नाव मांडवातल्या कर्ण्यावरून कसं ऐकू येईल हे आधी बघावं, हा धडा तिथं मिळाला.

मग मी जरा मोठ्या माणसांनी काय केलं ते आठवू लागले. आमच्याच तालुक्यातलं सातोना. सेलूकडं जाताना स्टेशन लागतं. तिथं १९१३ साली भगवान रघुनाथ कुलकर्णी जन्मले. त्यांनी स्वतःच्या नावाचं नुसतं पहिलं इंग्रजी अक्षर ठेवलं, वडिलांचं नाव ठेवलं, आडनाव गाळलं, आणि सगळा मराठवाडा त्यांना बी. रघुनाथ म्हणून ओळखू लागला. परतूरहून जवळच जांब. तिथल्या ठोसरांचा नारायण 'रामदास' झाला. विदर्भातल्या माणिक इंगळेला गुरूंनी 'तुकड्या' म्हटलं, त्यानं तेच भजनात घातलं आणि हातात खंजिरी घेतली. पुढं नुसती खंजिरी वाजली तरी लोक ओळखायचे. कुणी वडिलांच्या नावानं केशवसुत झालं, कुणी धाकट्या बहिणीच्या नावानं कुसुमाग्रज. शिरवाडकरांच्या बहिणीचा मला फार हेवा वाटतो. स्वतः एक ओळ न लिहिता नाव घरोघर!

बायकांचं मात्र वेगळंच दिसलं. १९६४च्या 'मराठा तितुका मेळवावा' या चित्रपटातली गाणी आठवा. त्यातलं एक गाणं आशाबाईंनी गायलेलं. शब्द डॉ. वसंत अवसरे यांचे, संगीत आनंदघन यांचं. आता हे डॉक्टर म्हणजे आपल्या शांता शेळके आणि आनंदघन म्हणजे लताबाई! शब्द बाईचे, चाल बाईची, आवाज बाईचा, आणि श्रेयनामावलीत दोन पुरुष. पुढं 'साधी माणसं'ला राज्य शासनाचं संगीताचं पारितोषिक मिळालं तेव्हा आनंदघन कोण ते समारंभात सगळ्यांना कळलं म्हणतात. एवढ्या मोठ्या बायका, त्यांना कसली भीती? भीती नसेलही, नुसती सोय असेल. पण मला पुरुषाचं नाव घ्यावंसं वाटेना. तीस वर्षं निनावी काढली, आता नाव मिळतंय तर तेही डॉक्टर वसंताचं कशाला?

शेवटी वहीच उघडली. अभंगात नाव बसवायचं तर त्याची अक्षरं मोजावी लागतात, हे मंडळात शिकलेलं होतं. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चार अक्षरांचा. 'तुका म्हणे' ही चार अक्षरं, म्हणजे चरणात पुढं दोन अक्षरांना जागा उरते आणि तेवढ्यात ते बहाद्दर काय काय सांगून जातात! 'नामयाची दासी' मोजा, बरोबर सहा. आता 'सुनीता म्हणे' मोजा. पाच. उरलं एक अक्षर. एका अक्षरात माणसानं काय सांगायचं? 'हो'? मी रात्री अकरा वाजेपर्यंत त्या एका अक्षराशी झगडत होते. हे दिवा मालवा म्हणून दोनदा खाकरले.

आणि त्या झगड्यात, कसं कोण जाणे, हातानं आपोआप लिहिलं, 'गोदा म्हणे'.

चार अक्षरं. बरोबर बसली. मी वही मिटून टाकली, कुणी बघेल म्हणून.

गोदावरी हे माझं माहेरचं नाव. आमच्याकडं नदीला गंगाच म्हणतात, पण आजीनं नातीचं नाव कागदोपत्री नीट लावलं, गोदावरी. हाक मात्र 'गोदे' किंवा 'ए गोदा'. १९८३ साली परभणीला गाडी बदलून वऱ्हाड परतूरला आलं, तेव्हा मीटर गेजची छोटी गाडी होती. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी सोन्याच्या अंगठीनं त्यात 'सुनीता' लिहिलं, साखर वाटली, आणि गोदावरी संपली. कारण साधं होतं. माझ्या सासूबाईंचं नाव गोदावरी. एका घरात दोन गोदावऱ्या कशा चालतील? सुनेला हाक मारली की सासूचं नाव तोंडात येणार! ते नाव या घरात त्यानंतर कुणी मोठ्यानं घेतलंच नाही. वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नाही म्हणून सासूबाईंना नाही, आणि मला तर नाहीच. परतूरनंसुद्धा नुकताच, १ मे १९८१ला, परभणी जिल्हा सोडून जालना जिल्हा धरला होता. मी मनात म्हणायचे, गावालाही सासर बदलावं लागतं, मग आपली काय कथा!

आई होती तोवर पत्र 'चि. गोदास' असं यायचं. पुढं फोन आला, तेव्हा 'गोदे, जेवलीस का' असं. २०११ साली आई गेली. भाऊ मला 'ताई' म्हणतो. तेव्हापासून मला त्या नावानं हाक मारणारं जगात कुणी राहिलं नाही. हे मला त्या रात्री वही मिटताना समजलं. बारा वर्षांत कधी समजलं नव्हतं.

आता हे नाव घ्यायचं तर सासूबाईंना विचारल्याशिवाय कसं घ्यायचं? ते आधी त्यांचं. चौकात, देवीच्या मांडवासमोर, सासूचं नुसतं नाव, मागंपुढं 'बाई' नाही, काही नाही, आणि तेही सुनेच्या फोटोखाली! पंचाऐंशीला टेकलेल्या माणसाला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? दोन दिवस मी त्यांच्या पुढ्यात नुसती घोटाळत होते. चहात साखर दोनदा पडली.

शेवटी त्याच म्हणाल्या, "काय करायलीस तू दोन दिवस? सांग की."

मी शेंगा फोडायला त्यांच्यापुढं बसले आणि खाली बघून सगळं एका दमात सांगून टाकलं. स्पर्धेचं, अक्षरांचं, सगळं. शेवटी म्हटलं, "आत्याबाई, तुमचं नाव आहे. तुम्ही नको म्हणालात तर नाही घेणार."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेंगा फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं कुठलं? मी काशी."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चुकलं.

"माहेरात मी काशी. ह्या घरात आले तवा तुझ्या आजेसासूनं ठेवलं गोदावरी. तिची एक लेक होती त्या नावाची, लहानपणीच गेली. मला तर ते नाव लई दिवस कळायचंच नाही. हाक मारली तरी मी आपली बसूनच. बहिरी सून आणली म्हणायचे." त्या हसल्या. "मग मामा तुझे 'अगं' म्हणायला लागले, ते शेवटपर्यंत. गोदावरी म्हणून मला कुणी हाक मारली असंल तर तहसीलीतल्या कारकुनानं."

एवढी वर्षं आम्ही एका चुलीपुढं बसलो. तिचं दुखणं मी काढलं, माझी बाळंतपणं तिनं केली. आणि ज्या नावासाठी माझं नाव पुसलं गेलं ते तिचंही नव्हतं, हे मला आज कळत होतं! मला रडावं की हसावं कळेना. सासूबाईंना असला प्रश्न पडला नाही. टरफलं झटकत म्हणाल्या, "तुझं व्हतं ते तू घे. मला कामून विचारायलीस?"

मी माझ्या वहीवर त्या रात्री पहिल्यांदा तारीख घातली आणि खाली लिहिलं,

जात्याच्या गं पोटी। पिठाचे चांदणे।
गोदा म्हणे जाणे। उजेडात॥

फार काही ग्रेट आहे असं नाही. पण मोजून बघा, अक्षरं चुकलेली नाहीत.

नाव ठरल्यावर पुढची कामं सोपी वाटली होती, ती तशी नव्हती. मंचावर जायचं तर दिसायचं कसं? आमच्या मंडळात गुलाबी साड्यांचा गणवेश आहे, त्यात मी बाविसातली एक. लताबाईंची पांढरी साडी आणि रंगीत काठ, उषा उथुपबाईंची कांजीवरम आणि कपाळावरचं ते ठसठशीत कुंकू, त्यावर 'क' अक्षर. माणूस लांबून ओळखू येतो. आपण काही तेवढ्या नव्हे, पण चाळीस फुटांवर बसलेल्या बाईला ही भजनातली कुठली, आणि गाणं लिहिणारी कुठली, एवढं तरी कळावं.

मी आपल्या घरगुती पद्धतीनं प्रयोग केला. कपाटातल्या सहा साड्या गच्चीवर दोरीवर टाकल्या, संध्याकाळी मोठा दिवा लावला आणि खाली रस्त्यापलीकडं जाऊन उभी राहिले. जी फिकट मोतिया चंदेरी मला सगळ्यात भारी वाटत होती ती दिव्यात नुसता पांढरा ढब्बा दिसत होती. बारीक बुट्ट्यांची साडी लांबून मळकट. चमचम करणाऱ्या जरीनं डोळे दिपत होते, काठ काही दिसत नव्हता. गडद अंग आणि रुंद, एकरंगी काठ तेवढा उठून दिसला. पण तसली माझ्याकडं एकच, आणि ती कोपऱ्यात विरलेली.

सासूबाई खालून सगळा तमाशा बघत होत्या. आत गेल्या आणि ट्रंकेतून त्यांचं इरकल लुगडं काढून आणलं. गर्द हिरवं अंग, तांबडा काठ, आणि तो तांबडा टोपपदर, त्यावर पांढऱ्या पट्ट्या. मराठवाड्यातल्या कुणालाही आपली आजी आठवावी असं. म्हणाल्या, "नेस." पण नऊवारी नेसून दोन तास उभं राहायची मला सवय नाही. मग त्यांनीच कात्री दिली.

जुनं लुगडं कापायचं असेल तर एक सांगते. मोजायला सुरुवात पदराच्या टोकाकडून करावी आणि कापावं ते आतल्या टोकाला, म्हणजे पदर शाबूत राहतो. कापायच्या आधी घडीच्या रेघा उजेडात धरून बघाव्या. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं कापड तिथंच विरतं. आमचं निम्मं घडीवर ठीक होतं, आतल्या बाजूला एका जागी विरलेलं निघालं, ते कापातच गेलं. साडेपाच वाराची साडी झाली. उरलेल्यात माझा ब्लाऊज निघाला आणि पेटीवर घालायचं झाकण. ते झाकण ही माझी स्वतःची अक्कल, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. साडी आणि पेटी एका कापडाची असली की समोरून फार शोभतं. चष्म्यावर दिवा चमकून डोळे दिसत नाहीत असं मुलानं सांगितलं होतं, म्हणून काड्या कानावर किंचित वर ठेवल्या, काचा खाली झुकल्या की चमक जाते.

राहिला फ्लेक्स. त्या पोरानं तोवर एक नमुना करून ठेवला होता. गुलाबाची फुलं, दोन मोर, सोनेरी माईक आणि मध्ये मी. पण मी कसली! चेहरा इतका गोरा केला होता की मला वाटलं, ही कुणीतरी दुसरीच वरातीतली. म्हटलं, "बाळा, हे कोण?" तर म्हणतो, "काकू, तुम्हीच. जरा उजळ केलंय, सगळ्यांचंच करतो." मी म्हटलं, माझा आहे तो रंग राहू दे आणि सुरकुत्याही राहू दे. लोक मला रोज भाजी घेताना बघतात, त्यांना फसवून काय करू? तो बिचारा हिरमुसला. सुरकुत्या परत आणायला त्याला जास्त वेळ लागला.

मोर आणि माईकही काढायला लावले. त्याच्या जागी काय, म्हणून मी घरून वर्तमानपत्रावर रांगोळीनं एक चित्र काढून फोटो आणला होता. दोन गोल, एकात एक, मध्ये ठिपका आणि वरच्या कडेला उभी छोटी रेघ. जातं आणि त्याचा खुंटा. एवढंच. कुणालाही काढता येईल असं. शेजारी मोठ्या अक्षरात 'गोदा', आणि खाली लहान अक्षरात माझं सगळं रेशनकार्डावरचं नाव, भाचीनं सांगितलं होतं म्हणून आणि ह्यांनाही बरं वाटावं म्हणून. हिरव्या पार्श्वभूमीवर तांबडी अक्षरं टाकू का म्हणाला, तर लांबून ती वाचताच येईनात. साडीत जे शोभतं ते अक्षरात शोभत नाही. शेवटी हिरव्यावर पांढरी अक्षरं आणि कडेनं तांबडी पट्टी.

फ्लेक्स चौकात लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरात गर्दी. माझ्यासाठी नव्हे. गल्लीतल्या जुन्या माणसांना गोदावरी म्हणजे आमच्या सासूबाई एवढंच ठाऊक. "आजी, तुम्ही गाणी कधीपासून लिहायला लागल्या?" "आजी, या वयात!" एका आजोबांनी तर पेढे आणले. सासूबाईंनी पेढे ठेवून घेतले. मग म्हणाल्या, "मी न्हाई. ती," आणि स्वयंपाकघराकडं बोट केलं. कुकरची शिटी काढायला मी गेले होते, तशीच हातात फडकं घेऊन बाहेर आले.

कार्यक्रमाच्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. दिवे दोनदा गेले, पेटीची एक पट्टी अडकली, तिसऱ्या गाण्याला मी स्वतःचंच कडवं विसरले. मांडव तरी बऱ्यापैकी भरला होता. डोहाळेजेवणाचं ते जुनं गाणं मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, आता नवं कडवं जोडून, नावासकट. ते ऐकताच बायका नेहमीसारख्या मागून म्हणू लागल्या. शेवटच्या कडव्याला, जिथं नाव येतं तिथं, सगळ्याजणी गप्प झाल्या, कारण त्यांना ते पाठ नव्हतं. मी एकटीच म्हटलं. दुसऱ्या खेपेला पुढच्या रांगेतून एक आवाज आला, जरा बेसूर, पण खणखणीत. सासूबाई होत्या. मग बाकीच्या.

घरी परतताना रिक्षात त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "गोदे, पदर आवर. चिखल लागंल."

मी काहीच बोलले नाही. पदर वर घेतला.

दसऱ्यानंतर फ्लेक्स उतरवून आणला. हे म्हणत होते गच्चीतल्या टाकीवर झाकण करू, पण सासूबाईंनी तो घडी करून ट्रंकेत ठेवलाय. उन्हाळ्यात कुरडयांच्या खाली घालायचा म्हणतात, वर धुतलेलं धोतर अंथरून. छापलेली बाजू खाली घालायची नाही, वर ठेवायची आणि ऊन लागू नये म्हणून धोतर दुहेरी घ्यायचं, असंही बजावून झालंय.